यंदाच्या नवोदितांविषयी बाबांना पत्र

प्लेनो, टेक्सास
दि. १० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. आईच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरे वाटले. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या येत्या मोसमात प्रथमच उतरणाऱ्या खेळाडूंपैकी पहिल्या वर्षी कोण सर्वांत सरस ठरेल, आणि दादाचा चिरंजीव म्हणतो त्याप्रमाणे कूपर फ्लॅगचे नाव डोळे मिटून लिहून टाकावे का. माझेही उत्तर फ्लॅग हेच आहे. परंतु चिरंजीव ज्या कारणासाठी ते नाव घेतो, ते कारण मला पटत नाही. तो म्हणतो, फ्लॅग ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात त्यात, पहिला निवडला गेला म्हणून. ड्राफ्टमधला क्रमांक हा त्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांवर संघाने लावलेला डाव असतो. पहिल्या मोसमात काय होईल हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर खेळाडूपेक्षा अधिक त्याच्या संघाकडे पाहून शोधावे लागते.

गेल्या सात मोसमांत सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार कोणाला मिळाला ते पाहा. २०१९ साली लुका डॉन्चिच, ड्राफ्टमधला तिसरा. पुढच्या वर्षी जा मोरँट, दुसरा. मग लामेलो बॉल तिसरा आणि स्कॉटी बार्न्स चौथा. २०२३ मध्ये पाओलो बँकेरो आणि २०२४ मध्ये विक्टर वेम्बन्यामा हे दोघे मात्र पहिल्या क्रमांकाचे, आणि यंदाच्या वसंतात सॅन अँटोनिओचा स्टेफॉन कॅसल, पुन्हा चौथा. म्हणजे सातपैकी पाच वेळा पहिल्या क्रमांकाच्या मुलाला हा मान मिळाला नाही. पण सातही जण पहिल्या चारांतलेच होते. गुण हेरणाऱ्यांची नजर खोटी नसते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. त्या चौघांतून एक निवडायचा झाला, की मात्र ती नजर पुरेशी पडत नाही.

कॅसलचेच उदाहरण घ्या. मोसमाच्या आरंभी तो पुष्कळदा राखीव म्हणून उतरत असे, कारण पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्याच्या जागी ख्रिस पॉलसारखा मुरब्बी खेळाडू होता. फेब्रुवारीत त्याच संघातल्या वेम्बन्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी आढळली आणि त्याचा मोसम तेथेच संपला. मार्चमध्ये संघातल्याच डिअरन फॉक्सच्या बोटावर शस्त्रक्रिया झाली. खेळ रचण्याचे काम या मुलाकडे आले आणि त्याने ते अंगावर घेतले. त्याची सरासरी दर सामन्याला १४.७ गुणांची झाली. तीन गुणांच्या फेकींत त्याचे यश जेमतेम २८.५ टक्के होते, म्हणजे नेमबाजी कच्चीच होती. तरीही तो जिंकला. पहिल्या क्रमांकाने अटलांटाकडे गेलेला जॅकरी रिसाशे १२.६ गुणांवर राहिला, कारण तेथे चेंडू ट्रे यंगच्या हातात असे आणि रिसाशेने कोपऱ्यात उभे राहून पास येण्याची वाट पाहायची असे. यात कोण मोठा खेळाडू होईल याचा निकाल मुळीच लागत नाही. कोणाला किती मिनिटे मिळाली आणि त्या मिनिटांत चेंडू किती वेळ त्याच्याकडे होता, एवढ्यावर पहिल्या मोसमाचे आकडे उभे राहतात.

तुम्हांला सर्वांत आवडेल असे उदाहरण मॅल्कम ब्रॉग्डनचे आहे. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो ३६ वा होता, म्हणजे दुसऱ्या फेरीतला. व्हर्जिनिया विद्यापीठात अभ्यासक्रम पुरा करून आलेला आणि पहिल्याच मोसमात चोविशी गाठलेला खेळाडू म्हटल्यावर, याच्यात आता वाढ ती काय उरली असेल, असे संघांना वाटले असावे. परंतु मिल्वॉकीचा ख्रिस मिडल्टन मोसमाआधीच मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला, तेथे शहाण्या आणि चुका न करणाऱ्या माणसाची गरज निर्माण झाली, आणि ब्रॉग्डन नेमका तसाच होता. केवळ १०.२ गुणांची सरासरी असताना त्याला पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जोएल एम्बीडची सरासरी २०.२ होती, पण गुडघ्याने साथ सोडल्याने तो ३१ सामनेच खेळू शकला. पुढे ब्रॉग्डन इंडियाना पेसर्सकडे गेला. २०१९ च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळायला आला होता तोच हा संघ.

याच्या अगदी उलट कथा मायकल कार्टर-विल्यम्सची, आणि ती चिरंजीवाने लक्षपूर्वक वाचावी अशी माझी इच्छा आहे. २०१३ च्या ड्राफ्टच्या रात्री फिलाडेल्फियाने आपला कसलेला गार्ड ज्रू हॉलिडे देऊन टाकला आणि अकराव्या क्रमांकावर कार्टर-विल्यम्सला घेतले. संघाला जिंकायचेच नव्हते म्हटले तरी चालेल. त्या मोसमात त्यांचे १९ विजय आणि ६३ पराभव झाले, त्यांतले २६ पराभव ओळीने. अशा संघात या मुलाच्या हाती चेंडू सोपवला गेला. मायामीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने २२ गुण, १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि ९ स्टील (हिसकावलेले चेंडू) केले. वर्षअखेर १६.७ गुण, ६.२ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ६.३ असिस्ट अशी सरासरी घेऊन त्याने पुरस्कारही जिंकला. दुसऱ्या मोसमाच्या मध्यावरच संघाने त्याला देऊन टाकले आणि नंतर तो एका संघातून दुसऱ्या संघात फिरत राहिला. पहिल्या मोसमाचे भाकीत करताना अशा संघातल्या मुलाला झुकते माप द्यावेच लागते, पण त्यावरून त्याचे भविष्य सांगू नये.

मिनिटांची ही गोष्ट आपल्या दृष्टीने फार जिव्हाळ्याची आहे. डॅलस मॅव्हरिक्सनेच २०१५ साली ५२ व्या क्रमांकावर पंजाबच्या सतनाम सिंग भामराला निवडले होते. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय. आमच्या शेजारच्या फ्रिस्को गावात टेक्सास लेजंड्स नावाचा मॅव्हरिक्सचा दुय्यम संघ खेळत असे, त्यात तो खेळला. एनबीएच्या कोर्टवर मात्र त्याला एक मिनिटही मिळाले नाही. सात फुटांहून अधिक उंची आणि मऊ हात असलेल्या त्या मुलाला लहानपणापासून योग्य स्पर्धा मिळाली असती तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आता फ्लॅगकडे येते. गेल्या फेब्रुवारीत मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसकडे देऊन अँथनी डेव्हिसला आणले, तेव्हा डॅलस शहराला किती वाईट वाटले हे मी तुम्हांला फोनवर सांगितले होतेच. पुढच्याच महिन्यात कायरी अर्विंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. आणि मे महिन्यात केवळ १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला क्रमांक डॅलसला लागला. त्यामुळे एरवी सर्वांत दुबळ्या संघाकडे जाणारा पहिल्या क्रमांकाचा मुलगा ३९ सामने जिंकलेल्या संघात आला आहे, ही बाब भाकीत करताना दोन्ही बाजूंनी तोलावी लागते. डेव्हिस, पी. जे. वॉशिंग्टन, लाइव्हली, गॅफर्ड असे उंच खेळाडू तेथे आधीच आहेत, म्हणून फ्लॅगच्या नेहमीच्या जागी दाटी आहे. परंतु अर्विंग नसल्यामुळे चेंडू पुढे नेणाऱ्यांची वानवा आहे. डिअँजेलो रसेलला घेतले असले तरी प्रशिक्षक जेसन किड फ्लॅगच्या हाती खेळाची सूत्रे देऊ पाहत आहेत. किड स्वतः अव्वल पॉइंट गार्ड होते आणि १९९५ चा नवोदिताचा पुरस्कार त्यांना ग्रँट हिलबरोबर विभागून मिळाला होता, तोही डॅलसकडूनच खेळताना. सहा फूट नऊ इंचांच्या मुलाला पॉइंट गार्डचे काम शिकवायचे तर याहून चांगला गुरू मिळणे अवघड आहे.

मेन राज्यातल्या न्यूपोर्टसारख्या लहान गावातला हा मुलगा शाळा एक वर्ष आधी संपवून ड्यूक विद्यापीठात गेला आणि तेथे ३७ सामन्यांत १९.२ गुण, ७.५ रिबाउंड आणि ४.२ असिस्ट अशी त्याची सरासरी होती. येत्या २१ डिसेंबरला त्याला एकोणीस वर्षे पूर्ण होतील. जुलैमध्ये लास व्हेगासच्या समर लीग या मोसमाआधीच्या सराव स्पर्धेत पहिल्या सामन्यात त्याच्या २१ फेकींपैकी केवळ ५ पडल्या आणि लोकांनी लगेच नाके मुरडली. दुसऱ्या सामन्यात त्याने ३१ गुण केले. मला मात्र आकड्यांपेक्षा त्याचा बचाव अधिक आश्वासक वाटतो. तुम्ही शाळेच्या मुलांना शिकवताना म्हणत असा, की हात गारठतात, पाय गारठत नाहीत. ज्याचे पाय बचावात हलतात त्याला प्रशिक्षक खाली बसवत नाही. फ्लॅगची नेमबाजी रुसली तरी तो कोर्टवर राहील, आणि कोर्टवर राहिला तर आकडे येतील. माझ्या निवडीचे खरे कारण हे आहे.

त्याला सर्वांत निकटची स्पर्धा ड्यूकमधल्याच त्याच्या सहकाऱ्याकडून होईल असे मला वाटते. कॉन कनिपल चौथ्या क्रमांकाने शार्लटकडे गेला आहे. विद्यापीठात तीन गुणांच्या फेकींत त्याचे यश ४०.६ टक्के होते आणि फ्री थ्रोमध्ये, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींत, ९१.४ टक्के. विद्यापीठातली तीन गुणांची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर असते, एनबीएत ती २३ फूट ९ इंचांवर जाते, आणि नव्या मुलांची नेमबाजी बहुधा या दीड फुटात अडते. हे अंतर कोण पचवील हे ओळखायचे असेल तर जाणकार फ्री थ्रोची टक्केवारी आधी पाहतात, कारण तेथे कोणी आडवा येत नाही आणि हाताचे वळण निखळ दिसते. शिवाय लामेलो बॉलसारखा पास देणारा सोबतीला असल्याने कनिपलला मोकळ्या जागा मिळतील. गेल्या वर्षी त्या संघाने १९ च सामने जिंकले, तेव्हा मिनिटांचीही चिंता नाही.

फिलाडेल्फियाने तिसऱ्या क्रमांकाने घेतलेला व्हीजे एजकोम हा बहामाच्या बिमिनी बेटावरचा मुलगा विजेसारखा उडी घेतो. एम्बीड आणि पॉल जॉर्ज या दोघांच्याही गुडघ्यांवर यंदा शस्त्रक्रिया झाल्या आहेत, म्हणून त्याला वाव मिळेल. पण टायरीस मॅक्सीच्या शेजारी चेंडू त्याच्या वाट्याला किती येईल, याविषयी मी साशंक आहे. त्याच संघाचा जॅरेड मकेन गेल्या मोसमाच्या आरंभी सर्व नवोदितांच्या पुढे होता, १५.३ गुणांची सरासरी होती, आणि डिसेंबरात गुडघा दुखावून २३ सामन्यांवर त्याचे वर्ष संपले. प्रकृतीपुढे कोणाचे भाकीत चालत नाही. इतर बहुतेक मोठ्या पुरस्कारांना आता किमान ६५ सामन्यांची अट आहे. नवोदितांच्या पुरस्काराला ती नाही, तरीही मत देणारे पत्रकार गैरहजेरी विसरत नाहीत.

डिलन हार्पर दुसरा निवडला गेला असला तरी सॅन अँटोनिओत फॉक्स आणि कॅसल हे दोघे त्याच्या आधी उभे आहेत, आणि सप्टेंबरात त्याच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. खेळाडू म्हणून मी त्याला एजकोमच्या वर ठेवीन, या मोसमापुरता खाली. यूटाचा एस बेली गुण करील, पण अवघड फेकींचा त्याला फार मोह आहे. सातव्या क्रमांकाचा जेरेमाया फिअर्स मात्र चिरंजीवाच्या यादीत नाही आणि तो असायला हवा. त्याच्या न्यू ऑर्लिन्स संघाचा डिजाँटे मरे टाचेच्या दुखापतीमुळे बाहेर आहे, म्हणून तेथे चेंडू कोणीतरी हाती घ्यायलाच हवा.

तेव्हा माझा क्रम असा लिहून ठेवा: फ्लॅग, कनिपल, एजकोम, फिअर्स, हार्पर. पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत मोसम कदाचित सुरूही झालेला असेल, म्हणून वर दिनांक स्पष्ट घातला आहे. डॅलसचा पहिला सामना २२ तारखेला रात्री येथेच सॅन अँटोनिओशी आहे. नागपुरात तेव्हा भाऊबीजेची सकाळ असेल, सुमारे सातची वेळ. कॅसल आणि फ्लॅग समोरासमोर आले की फ्लॅग चेंडू कोर्टाच्या मध्यरेषेपलीकडे स्वतः नेतो की दुसऱ्याच्या हाती देतो, हे चिरंजीवाला मोजायला सांगा, आणि पहिल्या दहा सामन्यांत ही नोंद त्याने वहीत ठेवावी. तुमचा स्वतःचा क्रम तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. तो पत्र मिळताच फोनवर कळवावा.

आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुमची लेक