घरगुती पाळणाघरांचीही तपासणी व्हावी

संपादक महोदय,

पाळणाघर की डे-केअर, या विषयावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. डोंबिवली पूर्वेला मी वीसेक वर्षं घरी मुलं सांभाळते, तेव्हा माझं मत एकतर्फी वाटेल. तरी लिहिते.

पालकांनी काय बघावं, या यादीत लेखिकेने सीसीटीव्हीला पहिला मान दिला आहे. 2016 साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, तिथे कॅमेरा होताच. त्यामुळे प्रकरण बाहेर आलं, पण बाळाचा मार काही चुकला नाही. चौकशीला येणाऱ्या आयांना मी सांगते, आधी विचारा, एका बाईच्या अंगावर मुलं किती? आणि दिवाळीत होती तीच बाई आज आहे का?

2017 मध्ये बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली. त्याआधी बारा आठवड्यांची होती, तेव्हा मान न धरलेली तान्ही माझ्याकडे यायची. आताची सहा महिन्यांची येतात. वरचं अन्न नुकतंच सुरू झालेलं असतं. त्या जिवाला 'अ‍ॅक्टिव्हिटी' कसली करायची? वेळेवर नाचणीची पेज, ओळखीची मांडी आणि झोप आली की झोळी. या वयाला घरगुती पाळणाघरच बरं, असं माझं मत आहे. तीन वर्षांचं झालं की मात्र मीच सांगते, आता याला मोठ्या जागी घाला. बरोबरीची मुलं हवीत, पळायला जागा हवी; माझ्या वन बीएचकेत ती कुठून आणू? शिवाय मला ताप आला की सगळ्या आयांच्या रजा जातात, हेही खरं. डे-केअरमध्ये एक ताई आली नाही तर दुसरी असते.

पण तिथे संध्याकाळी सात म्हणजे सात, पुढे तासाचे पैसे. मध्य रेल्वेचं वेळापत्रक कुणाच्या हातात आहे? 26 जुलै 2005 ला गाड्या ठप्प झाल्या, तेव्हा माझ्याकडची मुलं रात्री इथेच वरणभात जेवून झोपली. एकीची आई दुसऱ्या दिवशी ठाण्याहून रुळांवरून चालत आली.

पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यावं, असाही कायदा आहे. चांगलाच आहे. पण तान्हं घेऊन सकाळची सीएसएमटी फास्ट पकडून दाखवा! आमच्या भागातल्या बायकांना पाळणाघर घराजवळच लागतं, आणि ते बहुतेकदा माझ्यासारखीच्या हॉलमध्ये असतं.

माझी भाची लंडनजवळ राहते. तिथे घरी मुलं सांभाळायची तर नोंदणी करावी लागते. एका बाईकडे आठ वर्षांखालची सहाच मुलं, त्यांत पाचच्या आतली तीन आणि वर्षाच्या आतलं सहसा एकच. तपासनीस घरी येऊन पाहून जातात. माझ्या दारात इतक्या वर्षांत सोसायटीचे सेक्रेटरी सोडून कुणी आलं नाही, आणि ते आले तेही पाणी जास्त वापरता म्हणून सांगायला.

माझी मागणी एवढीच, की कल्याण-डोंबिवली महापालिकेने घरगुती पाळणाघरांची नोंद ठेवावी, बाईमागे मुलांचा आकडा ठरवून द्यावा आणि वर्षातून एकदा तरी न सांगता यावं. खिडकीला जाळी आहे का, गॅस मुलांच्या हाताला लागतो का, न्हाणीघरात भरलेली बादली उघडी आहे का, ते बघावं. त्याची थोडी फी घेतली तरी देऊ. फक्त नोंद झाली म्हणून घराला व्यावसायिक दराने वीज आणि पाणी लावू नये. तसं केलं तर निम्म्या जणी काम सोडतील आणि उरलेल्या नाव नोंदवायला येणारच नाहीत.

– एक पाळणाघरचालिका, डोंबिवली (पूर्व)