चूलबंद आवतण आणि 'ब्रायडल शॉवर'चे कार्ड

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'ब्रायडल शॉवर'ची, म्हणजे लग्नाआधी मैत्रिणींनी नवरीसाठी करायच्या समारंभाची, तयारी कशी करावी, याविषयीचा लेख वाचला. सजावट, केक, खेळ आणि छायाचित्रे यांवर त्यात भरपूर मजकूर आहे. पाहुण्यांना बोलवायचे कसे, हा विषय मात्र 'ॲपवर आकर्षक कार्ड तयार करा' एवढ्या एका वाक्यात उरकला आहे. गेल्या एप्रिलमध्ये लातूरला माझ्या भाचीचा असाच कार्यक्रम तिच्या मैत्रिणींनी केला आणि तो नेमका या कार्डावरच अडखळला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कार्ड दिसायला सुरेख होते. फिकट गुलाबी रंगावर सोनेरी वेल, मधोमध वळणदार इंग्रजी अक्षरांत 'ब्राइड टु बी', खाली भाचीचे नाव, तारीख, 'पाचपासून पुढे', हॉटेलचे नाव, 'ड्रेस कोड पेस्टल' आणि तळाशी 'आर. एस. व्ही. पी.'. बोलावते कोण, जेवण आहे की चहा-फराळ, सुनेला सोबत आणायचे की नाही, लेकरांचे काय, यांतले एकही अक्षर त्यात नव्हते. हे चित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पडले आणि मुलींच्या लेखी आमंत्रण पोचले. थोरल्या आत्याबाई आल्याच नाहीत. नंतर म्हणाल्या, "मला कुणी बोलावलंच नाही. गटावर तर रोज गुड मॉर्निंगही येतं." औशाहून मामी आल्या त्या ओटीचे सामान, खण आणि नारळ घेऊन, दुपारचे जेवण हलके ठेवून; कारण केळवण म्हटले की पाटाभोवती रांगोळी, औक्षण आणि पुरणाचे ताट, हेच त्यांना ठाऊक. त्यांच्या पुढ्यात सँडविचचे दोन तुकडे आले आणि रात्री घरी पोचल्यावर त्यांनी पिठले टाकले. इकडे मुलींनी चाळीस जणींचे पैसे आगाऊ भरले होते, प्रत्यक्षात आल्या सव्वीस.

'आर. एस. व्ही. पी.' ही 'कृपया उत्तर द्यावे' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे आहेत, हे त्या सव्वीस जणींपैकी कितींना माहीत असेल कोण जाणे. माहीत असते तरी उपयोग झाला नसता, कारण मंगल कार्याला तोंडावर 'नाही' म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात. 'येऊ की', 'बघू, जमलं तर' अशीच उत्तरे मिळतात आणि त्यांवरून कणीक भिजवता येत नाही.

जुन्या आवतणात याची सोय होती. आमच्या लहानपणी गावात आवतण द्यायला माणूस दारोदार फिरे आणि उंबऱ्यात उभा राहून स्पष्ट सांगे, की आवतण घरटी एकाला आहे की चूलबंद आहे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसह सगळ्यांनी जेवायला यायचे. एका शब्दात पाहुण्याला आपला मान कळे आणि यजमानाला पानांचा अंदाज येई. नात्यातल्या बायकांना कुंकू लावून वेगळे बोलावणे जाई आणि कार्याच्या दिवशी पुन्हा एकदा आठवण दिली जाई. इतके सुबक कार्ड करणाऱ्या मुलींना हे कुणी सांगितलेच नव्हते, यात दोष आम्हा मोठ्यांचाही आहे.

ही परदेशी प्रथा मला वावडी नाही. तिचे मूळचे शिष्टाचार पाहिले तर ते केळवणाच्या जवळचेच आहेत. अमेरिकेतल्या जुन्या रीतीप्रमाणे वधूच्या आईने किंवा बहिणीने हा समारंभ करू नये, कारण स्वतःच्याच लेकीसाठी भेटी मागितल्यासारखे दिसते. आपल्याकडेही केळवण, ज्याला काही घरांत गडगनेर म्हणतात, ते मामा, आत्या, शेजारी अशा इतरांनी करायचे असते. ज्यांना लग्नाला बोलवायचे नाही त्यांना शॉवरलाही बोलवू नये आणि आमंत्रण चार ते सहा आठवडे आधी जावे, असाही तिकडचा संकेत आहे. आपल्याकडे केक आला, फुगे आले, टिश्यू पेपर गुंडाळून नवरीचा पोशाख करण्याचा खेळही आला (खेळ संपल्यावर आमच्या आजींनी तो सगळा कागद घडी घालून पिशवीत ठेवला), पण हे संकेत काही आले नाहीत. 'शॉवर' या नावाला मात्र लातूरकर हसणारच. भेटींचा वर्षाव असा त्याचा अर्थ मी समजावून सांगितला, तरी दुष्काळात 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा वाघिणी पाणी घेऊन लातूरला आलेली पहिली रेल्वे ज्यांनी पाहिली, त्यांना एप्रिलमधल्या शॉवरची गंमत वाटली तर नवल नाही.

एका गोष्टीचे श्रेय मात्र मुलींना द्यायलाच हवे. त्यांच्या कार्डावर 'सुवासिनी' हा शब्द नव्हता. बारा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हापासून घरच्या केळवणांत मी स्वयंपाकघरात असते आणि औक्षणाच्या वेळी मला कुणी हाक मारत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. आमच्या घरी ते काम या मुलींनी ठरावाशिवाय केले. भाचीला पहिले फूल मी द्यावे, असे त्यांनीच सांगितले.

दिवाळीनंतर धाकट्या भाचीच्या वेळी मुलींनी कार्ड पुन्हा केले, पण मजकूर माझ्याकडून लिहून घेतला. पुढच्या लेखात असा एखादा मराठी नमुना छापावा, ही विनंती. आमचा पुढे देत आहे.

"आमच्या मैत्रिणीचे केळवण आम्ही चौघींनी रविवारी सायंकाळी 6 वाजता योजिले आहे. आधी खेळ व गप्पा, 7.30 वाजता पुरणपोळीचे जेवण. हे आमंत्रण आपणांस व आपल्या सूनबाईंना आहे. लेकरांना अवश्य आणावे. आहेर आणू नये. येणार की नाही हे गुरुवारपर्यंत फोनवर कळवावे. जमत नसल्यास तसेही निःसंकोच कळवावे."

हा मजकूर गटावर न टाकता प्रत्येकीला तिच्या नावाने पाठवला आणि साठीपुढच्या सगळ्यांना भाचीच्या आईने स्वतः फोन केला. बत्तीस जणींनी होकार दिला, एकतीस आल्या. बत्तिसावीला ताप होता. थोरल्या आत्याबाईंनी बुधवारीच फोन करून सांगितले, की गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तेव्हा येणार नाही, पण पोळ्या चार पाठवून द्या. त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ नकार मी पहिल्यांदाच ऐकला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लातूर