‘चूक’ कळली, पण कुठली?

संपादक महोदय,

प्रोग्रामिंगच्या असाइनमेंट संगणकाकडूनच तपासून घेण्याची कल्पना १९६० इतकी जुनी, पंचकार्डांच्या काळातली आहे. आता तिला ‘वैयक्तिक मार्गदर्शन’ असे नाव मिळाले असले, तरी विद्यार्थ्याच्या हाती अनेकदा ‘१० पैकी ४ टेस्ट पास’ एवढाच शेरा पडतो (टेस्ट म्हणजे ठरावीक इनपुट देऊन प्रोग्रामचे उत्तर पडताळणे). हा निकाल झाला, मार्गदर्शन नव्हे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत १ ते एन या संख्यांची बेरीज घ्या. रेंजमध्ये, म्हणजे क्रमाने संख्या देणाऱ्या आज्ञेत, वरची सीमा धरली जात नाही हे विसरले, की ५ साठी १५ ऐवजी १० येतात. नुसते ‘चूक’ कळलेला विद्यार्थी कधी सीमा एकाने वाढवतो, कधी सुरुवात शून्यापासून करतो आणि सबमिट करत राहतो. केव्हातरी हिरवी खूण येते; ती का आली हे त्याला ठाऊक नसते. त्याऐवजी फसलेल्यांतले सर्वांत लहान इनपुट दाखवावे: ‘१ दिला, १ हवा होता, ० आला’. एवढे कागदावर ओळीओळीने तपासता येते. मात्र सगळ्याच टेस्ट उघड करू नयेत. ‘५ आले तर १५ छाप’ असे लिहिणारे महाभाग असतातच. दोन-तीन दाखवाव्यात, बाकीच्यांचा प्रकार तेवढा सांगावा: रिकामी यादी, ऋण संख्या वगैरे.

खरी कुचराई होते ती टेस्ट निवडताना. लीप वर्षासाठी २०२३ आणि २०२४ एवढेच तपासले, तर ‘चारने भाग जातो’ एवढा नियमही पास होतो. १९०० (चारने भाग जाऊनही लीप नव्हते) आणि २००० (लीप होते) हवेतच. ठरावीक चुकीची उत्तरेही आधी नोंदवून ठेवता येतात. सी भाषेत ३२ बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे ठरावीक आकड्यापर्यंतच्याच पूर्ण संख्या मावणाऱ्या कप्प्यात (व्हेरिएबलमध्ये), १३ चे फॅक्टोरियल (१ ते १३ चा गुणाकार) काढल्यास ६२२७०२०८०० ऐवजी सहसा १९३२०५३५०४ छापले जाते. तो आकडा दिसताच ‘लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी) ठीक असेल, व्हेरिएबलचा प्रकार पाहा’ असा संदेश यावा. याला एआय लागत नाही. प्रश्न काढणाऱ्याने थोडा वेळ द्यावा लागतो.

बरोबर कोड नापास होतो, हेही घडते. दशांश उत्तरे तंतोतंत जुळवली, तर संगणक दशांश अंदाजे साठवतो म्हणून ०.१ आणि ०.२ च्या बेरजेचे येणारे ०.३०००००००००००००००४ चुकीचे ठरते. अगदी लहान फरक आणि ओळीअखेरची रिकामी जागा माफ करावी.

एआयकडून हिंट घ्यायची तर तो बिनचूक ओळीलाही आत्मविश्वासाने दोष देतो, हे गृहीत धरावे. त्याच्याकडून आधी दुरुस्त कोड लिहून घ्यावा, तो सर्व टेस्टवर चालवावा आणि पास झाला तरच हिंट पुढे पाठवावी. कोड मात्र विद्यार्थ्याला दाखवू नये. हिंटही टप्प्याने द्यावी: आधी संकल्पना, मग ओळ, शेवटी तशाच दुसऱ्या प्रश्नाचे छोटे उदाहरण. सबमिशनवर मर्यादा असावी, पण सिंटॅक्स एरर (भाषेच्या लेखननियमांच्या चुका) त्यात मोजू नयेत.

गुण सारखे म्हणून दोघांना पुढचा धडा सारखाच, हेही चुकीचे. एकाची लूपची सीमा चुकते. दुसरा इनपुटमधून आलेल्या २ आणि ३ ची बेरीज २३ छापतो, कारण प्रोग्रामसाठी ते संख्या नसून स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आहेत. पहिल्याला ट्रेस टेबलचा (प्रत्येक ओळीनंतरच्या किमती तक्त्यात मांडण्याचा) सराव द्यावा, दुसऱ्याला डेटा टाइपचा (संख्या, मजकूर अशा प्रकारांचा). आणि निम्म्याहून अधिक वर्ग एकाच टेस्टवर अडकला, तर सर्वांना हिंट पाठवण्याआधी प्रश्नाची भाषा तपासावी.

– प्रोग्रामिंगचे एक शिक्षक