समितीवर जाण्याआधी

चि. समीर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास की नगरपरिषदांच्या नगरसेवकांसाठी असलेल्या लहान नागरी गटातून डीपीडीसीवर, म्हणजे जिल्हा नियोजन समितीवर, जायचा विचार आहे आणि पक्षातले दोघं-तिघं पाठीशी आहेत. मी तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं. तुला वाटलं असेल, आईला पसंत नाही. तसं काही नाही. पण माझी सगळी नोकरी नियोजन कार्यालयात गेली आणि जे सांगायचंय ते फोनवर पाच मिनिटांत मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात आधी हे लक्षात घे, की त्या समितीचा स्वतःचा एक रुपयाही नसतो. तुझ्या नगरपरिषदेला घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे, वित्त आयोगाचा हप्ता येतो. समितीकडे यातलं काहीच नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात जिल्हा वार्षिक योजनेला जे मिळेल तेवढंच. २०२५-२६ ला सर्वसाधारण योजनेसाठी राज्यभर २०,१६५ कोटी ठेवले होते, त्याच्या आदल्या वर्षी १८,१६५ कोटी. ऐकायला भरपूर वाटतात. पण ३६ जिल्ह्यांत वाटून, मग रस्ते, शाळा, दवाखाने, बंधारे, पशुसंवर्धन, अंगणवाड्या असं करत नगरपालिकांच्या वाट्याला काय येतं ते तुझ्या मुख्याधिकाऱ्यांना विचार. त्यांना तोंडपाठ असेल.

खरं तर घटनेत हे सगळं खालून वर जायला सांगितलंय. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिच्यातलं कलम २४३ झेडडी एकदा नीट वाच. पंचायतींनी आणि नगरपालिकांनी आपापले आराखडे करायचे, समितीने ते एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा बनवायचा. समितीतले निदान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या लोकांनी आपल्यातूनच निवडायचे. आपल्याकडे त्यासाठीचा कायदा १९९८ चा. जुनं मंडळ जाऊन समिती आली, लोकांच्या तोंडी डीपीडीसीच राहिली. त्या कायद्यानं अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. केरळात बघ, तिथे समितीचा अध्यक्ष जिल्हा पंचायतीचाच अध्यक्ष असतो, आणि १९९६ ला तिथल्या सरकारने योजनेच्या पैशातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं. आपल्याकडे सून घर चालवते आणि किल्ल्या सासऱ्यांच्या कनवटीला.

प्रत्यक्षात काय होतं? पावसाळा सरता सरता नियोजन विभागाकडून जिल्ह्याला कमाल आर्थिक मर्यादा कळवली जाते. म्हणजे पुढच्या वर्षी एवढ्यात बसवा. त्यातले दोन तृतीयांश गाभा क्षेत्राला, म्हणजे शेती, ग्रामविकास, सामाजिक सेवा अशा प्राधान्याच्या विषयांना, आणि एक तृतीयांश बिगर गाभा क्षेत्राला, म्हणजे बाकीच्यांना. आम्ही तक्ते भरायचो, कामं करणाऱ्या खात्यांकडून मागणी यायची ती मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट, आणि मग कापाकापी. त्यानंतर समितीची बैठक होऊन आराखडा मंजूर. पुढे अर्थमंत्र्यांकडे राज्यस्तरीय बैठक, तिथे वाढीव मागणी मांडायची. पालकमंत्र्यांचं वजन असेल तर आकडा वाढतो. गावांनी आणि शहरांनी केलेले आराखडे या सगळ्यात कुठे असतात, असं तू विचारशील. असतात, कपाटात असतात.

पैसा राज्याचा, म्हणून राज्याच्या राजकारणाचा धक्का थेट तुमच्या गटारीपर्यंत येतो. जुलै २०२२ मध्ये सरकार बदललं तेव्हा १ एप्रिलपासून मंजूर झालेली जिल्हा योजनेची कामं थांबवली गेली, का तर नवे पालकमंत्री नेमायचेत. ते नेमले गेले सप्टेंबरच्या शेवटी. जानेवारी २०२५ मध्ये नाशिक आणि रायगडच्या पालकमंत्र्यांची नावं जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना स्थगिती. मे २०२० मध्ये करोनामुळे योजनांच्या निधीवर ३३ टक्क्यांची मर्यादा आली. ते निदान समजण्यासारखं होतं.

आणि मधली ती वर्षं. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा, नगरपालिका प्रशासकांच्या ताब्यात. निवडून आलेला सदस्यच नाही तर समितीचे चार-पंचमांश कुठून आणणार? पण बैठका चालल्या, आराखडे मंजूर झाले, निधी वाटला गेला. पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यात सगळं भागत होतं. मला याचा फार राग येतो, अजूनही. स्थानिक संस्थांची म्हणून बनवलेली समिती स्थानिक संस्थांशिवाय बिनबोभाट चालली, आणि कुणाला फारसं अडलंही नाही. तुम्ही लोक आता निवडून आलात, पण तुमच्याविना काम चालवायची सवय सगळ्यांना लागलेली आहे, हे धरूनच आत जा.

आता कामाचं. बैठकीच्या आधी तुला एक जाडजूड पुस्तिका मिळेल. बहुतेक सदस्य ती गाडीत चाळतात. तू ती घरी बसून वाचायची. पहिला विषय असतो मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करणं, दुसरा अनुपालन अहवाल, म्हणजे मागच्या बैठकीतल्या प्रश्नांवर पुढे काय केलं त्याची नोंद. मंत्र्यांच्या आगत-स्वागतात हे दोन्ही "मंजूर, मंजूर" म्हणून निघून जातात. तिथेच थांबवायचं. मागच्या वेळी विचारलेल्या प्रश्नासमोर "कार्यवाही सुरू आहे" एवढंच लिहिलं असेल तर कोणती कार्यवाही, कोणत्या तारखेचं पत्र, हे विचार आणि ते इतिवृत्तात घ्यायला सांग. इतिवृत्तात नाही ते बैठकीत झालंच नाही.

मग खर्चाचा तक्ता. त्यात मंजूर नियतव्यय (वर्षासाठी ठरवून दिलेली रक्कम), प्राप्त निधी, वितरित निधी आणि खर्च असे रकाने ओळीने असतात. भाषणं पहिल्या रकान्यावर होतात, तू दुसरा आणि चौथा बघ. शंभर मंजूर, चाळीस प्राप्त, बारा खर्च, आणि महिना डिसेंबर, असं दिसलं की समज, मार्चमध्ये काय होणार. ३१ मार्चच्या रात्री आमच्या व्हरांड्यात तालुक्याची माणसं फायली मांडीवर घेऊन बसलेली असायची. बीडीएस, म्हणजे निधी वाटपाच्या संगणक प्रणालीतून निघणारी चिठ्ठी, निघाली का, एवढाच प्रश्न. बीडीएस निघाली की कोषागाराकडे पळायचं. त्या घाईत ज्याचे कागद पूर्ण त्याला पैसे, गरज कुणाची मोठी हे बघायला कुणाला सवड नसायची.

दायित्वाचा, म्हणजे आधीच्या कामांच्या देणं राहिलेल्या रकमेचा, रकानाही सोडू नकोस. काही लेखाशीर्षांखाली, म्हणजे खर्चाच्या ठरावीक क्रमांकांच्या खात्यांखाली, तरतुदीच्या दीडपट कामांना मान्यता देता येते, त्यामुळे नवं वर्ष उजाडतं तेच जुन्या कामांची बिलं डोक्यावर घेऊन. ३०५४ आणि ५०५४ वर, म्हणजे रस्त्यांवर, सगळ्यांचे डोळे असतात. तू त्या भांडणात पडू नकोस. नगरोत्थान आणि दलितेतर वस्ती सुधार या शहरांतल्या सुविधांच्या योजनांच्या पैशात तुझं लक्ष असू दे.

त्यासाठी कागद आधी तयार पाहिजेत. सर्वसाधारण सभेचा ठराव, जागा नगरपरिषदेच्या नावावर असल्याचा उतारा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता. तुझ्या प्रभागातली ती जलवाहिनी पंचवीस वेळा भाषणात आली असेल, पण तिचं अंदाजपत्रक कुणी करून घेतलंय का? नसेल तर समितीवर जाऊनही काही उपयोग नाही, आणि असेल तर समितीवर न जाताही जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेतून ती पुढे ढकलता येईल. हे तुला आवडणार नाही, पण सदस्याला वाटणीत फारसा हात नसतो. विचारण्याचा हक्क असतो आणि तो लेखी वापरला तर अधिकारी दचकतात. मी दचकलेले पाहिलेत.

लेटरपॅडवर एक ओळ वाढावी म्हणून जायचं असेल तर जाऊ नकोस, त्यासाठी तुझ्याकडे आधीच पुष्कळ ओळी आहेत. वर्षभरात मोजक्याच बैठका होतात. त्या बुडवणार नसशील आणि पुस्तिका वाचणार असशील तर जरूर उभा राहा. मतदार तुमचेच नगरसेवक आहेत, तेव्हा जिल्ह्यातल्या बाकीच्या नगरपरिषदांत कोण कोण आलंय त्याची यादी आत्ताच मागवून ठेव. आणि गेल्या दोन वर्षांच्या पुस्तिका मिळव, आमच्या कार्यालयात अर्ज केलास तर मिळतात. मिळाल्या की इकडे पाठव, पेन्सिलने खुणा करून परत देते.

तुझी,
आई

ता. क. पूर्वाची परीक्षा कधी आहे ते कळव.