अडलेल्या वेलांटीबद्दल आभार

राजारामपुरी, कोल्हापूर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

कसबा बावड्यात न्यायालयाबाहेर अर्ज टंकून देणाऱ्या काकांसाठी मी लिहिलेला मराठी टंकनाचा प्रोग्रॅम तासाभराने मुका का होतो, हे आपण एका रविवारी माझ्या खोलीवर येऊन दाखवून दिलेत, त्याबद्दल हे पत्र.

काकांचा हात टाइपरायटरवर बसलेला आहे. ते पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, ती व्यंजनानंतर साठवली जाते. ‘स्थिती’ लिहिताना वेलांटी, अर्धा स, मग थ अशा क्रमाने कळा येत असल्यामुळे थ पुरा होईपर्यंत वेलांटी अडवून धरावी लागते, आणि त्यासाठी कळ वर्डपर्यंत पोहोचण्याआधीच विंडोजच्या लो-लेव्हल कीबोर्ड हुकने, म्हणजे प्रत्येक कळ आधी आपल्या प्रोग्रॅमला दाखवणाऱ्या सोयीने, पकडावी लागते. एवढे मला जमले होते. मी पाठवलेली अक्षरे फिरून माझ्याच हुककडे येत, तो गुंता त्यांच्यावर खूण टाकून सोडवण्याची युक्ती आपण चहा निवेपर्यंत सांगितलीत.

खरी चूक मी निरुपद्रवी समजत होतो त्या ओळीत निघाली. तपासणीला सोयीचे म्हणून मी प्रत्येक कळ हुकमध्येच एका फाइलीत लिहीत होतो. हुकचे काम संपल्याशिवाय कळ पुढे सरकत नाही. विंडोज ठरावीक वेळच वाट पाहते, विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून तर फार तर 1000 मिलिसेकंद. आणि विंडोज 7 पासून उशीर करणारा हुक प्रोग्रॅमला न कळवता काढून टाकला जातो. काकांच्या जुन्या हार्ड डिस्कवर हेच घडत होते. आता हुक फक्त कळ अडवायची की सोडायची ते ठरवून ती रांगेत टाकतो, बाकीचे काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर, चालते.

पण ती ओळ पाहून आपण आधी वेगाबद्दल बोलला नाहीत. फाइल उघडायला सांगितलीत. अर्जाच्या मजकुरात काकांच्या बँकेचा पासवर्ड जसाच्या तसा पडला होता. मला घाम फुटला. फाइल त्याच दिवशी पुसली, काकांना पासवर्ड बदलायला लावला, आणि मराठी बंद केले की हुकही निघेल अशी व्यवस्था केली.

प्रशासक अधिकाराने उघडलेल्या खिडकीतील कळा साध्या अधिकाराने चालणाऱ्या आमच्या हुकला अजून दिसत नाहीत. काकांना तिथे मराठी लागत नाही, म्हणून ते तसेच ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
वेलांटी अडवणारा विद्यार्थी