मोजपट्टी आधी, मोबाइल नंतर

महोदय,

वास्तुकलेचे विद्यार्थी उन्हाळी अभ्यासदौऱ्यावर परदेशी जातात, दिवसाला सहा-सात इमारती उरकतात आणि हाती उरतात नुसते फोटो. फार वाईट वाटतं. दिवसाला दोनच घ्या. रोमचं पँथिऑन हे प्राचीन मंदिर बघा: घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, फरशीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. हे पुस्तकातही सापडतं. पण माथ्यावरच्या उघड्या झरोक्यातून पडणारं पावसाचं पाणी जातं कुठे? फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक छिद्रं आहेत. ती खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत.

आधी पावलांनी अंतर मोजा, मग आराखडा आणि छेद (इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र) काढा, फोटो शेवटी. लेझर मीटरचा ठिपका भर उन्हात दिसेनासा होतो. बाहेरची मापं सकाळीच घ्या, जवळ ५ मीटरची टेप असू द्या. एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं.

— वास्तुकलेचे काही अध्यापक