काका, "काळी पाचवाला घरी राहिला" म्हणालात ना, त्या तबल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही हे स्वतःहून वाचणार नाही मला माहितीये. तुमचा फोन सकाळी गुलाबाच्या फुलांचे मेसेज पाठवायला आणि दुपारी कार्यक्रमाची तारीख ठरवायला, बास. पण तुमचा मुलगा वाचेल आणि रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठून हात धुवायला जाऊ नका एवढंच. नाव कुठे लिहिलेलं नाही. मिरजेत तबला वाजवणारे काका काय एकच आहेत होय, तेव्हा निवांत ऐका.

2023 ची दिवाळी आठवते? नोव्हेंबर, परीक्षेचं सेशन तोंडावर, माझ्या गाण्याच्या क्लासमध्ये पहिल्या प्रारंभिक परीक्षेच्या चिमुरड्यांपासून वरच्या विशारद परीक्षेपर्यंत 38 जणं, सकाळी सांगली, संध्याकाळी मिरज, आणि दोन महिने माझा आवाज धड लागत नव्हता. तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, निघालं की आतून कुणीतरी गळा मुठीत धरल्यासारखं व्हायचं. रात्री झोप नाही, सकाळी तंबोरा लावायला घेतला की रडू यायचं, कशाचं ते कळायचं नाही. घरी सांगितलं नाही, विद्यार्थ्यांना तर नाहीच. गाण्याच्या बाईचा आवाज बसला ही बातमी आपल्याकडे किती वेगात फिरते ते तुम्हाला सांगायला नको, आणि मग पालक फी भरायच्या आधी विचारतात, "पुढच्या महिन्यात तुम्हीच शिकवणार ना?"

तशात तो दिवाळी पहाटचा कार्यक्रम. मी सोळा वर्षांची असल्यापासून काळी पाचमध्ये गात आले होते, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा माझा सा, आणि तबलाही त्याच सुरात लागलेला हवा; माझ्या विशारदला तुम्हीच तर होता साथीला. आणि त्या दिवशी पहाटे सव्वापाचला, अंगावर शाल, तुम्ही पिशवीतून डग्गा काढला, तबला काढला, हातोडीने दोन गठ्ठे ठोकले आणि वाजवलात, तर काळी चार, म्हणजे खालची पट्टी! मी म्हटलं, काका, पट्टी पाच आहे. तुम्ही मान वर न करता, "अगं पाचवाला घरी राहिला बघ. म्हातारपण. आज चारातच गा."

मी वैतागले होते, खरं सांगते. पट्टी उतरवली म्हणजे गायिका संपली असं आमच्या डोक्यात लहानपणापासून भरवलंय. पण वैतागाच्या खाली इतकं बरं वाटलं की काय सांगू, कारण चूक तुमची होती ना, माझी नव्हती. इलेक्ट्रॉनिक तानपुरा खाली घेतला, पेटीवाल्याला काहीच फरक पडत नव्हता, अहिर भैरव गायले, तार सा लागला. फार दिवसांनी लागला. नंतर काकू बोलता बोलता बोलून गेल्या की पाचवाला तबला त्या दिवशी बाहेर तुमच्या स्कूटरच्या डिकीतच होता.

हे पत्र मुळात त्या डिकीतल्या तबल्यासाठी आहे.

दोन दिवसांनी तुम्ही क्लासवर आलात, हातात 2020 ची डायरी. मला वाटलं मानधनाचा हिशोब असेल. मार्चच्या मधल्या पानापर्यंत तारखा भरलेल्या, नंतर लाल पेनाने काट, काट, काट, आणि मग काटसुद्धा नाही, नुसती कोरी पानं. तुम्ही म्हणालात की कोरी पानं बघून तुम्हाला ऑगस्टपासून जेवण जाईना, तबल्याची खोळ सुद्धा उघडावीशी वाटेना, आधीच्याच वर्षीच्या पुरात एक जोडी गेलेली त्याचं दुःख तेव्हा झालं नव्हतं ते आता एकदम वर आलं. मुलाने तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. "दीड वर्ष गोळी घेतली मी. कुणाला माहिती नाही. तुला सांगतोय."

काका, या क्षेत्रात इतकी वर्षं काढली, पण सांगून रडलेला मोठा माणूस मी तोपर्यंत बघितला नव्हता. आमच्याकडे घराण्याची, गुरूच्या कडक तालमीची, चौदा चौदा तासांच्या रियाजाची कौतुकं मांडून सांगतात, पण एवढ्या वेळात कुणाला कधी नको नको झालं होतं का, हे कुणी सांगत नाही. मी एकदा तालमीत रडले होते तर मला शिकवणारे म्हणाले होते, एवढं रडायचं असेल तर शिवणाच्या क्लासला जा. सगळे हसले, मीही हसले. आणि गंमत बघा, तेच वाक्य मी स्वतः माझ्या एका विद्यार्थिनीला म्हटलंय. शिवणाच्या जागी पार्लर म्हटलं होतं एवढाच फरक.

तुम्ही सल्ला दिला नाहीत. ध्यान कर, प्राणायाम कर, ओंकार लाव, यातलं काहीच नाही (ओंकार तर मी तीस मुलांकडून रोज लावून घेत होते). म्हणालात, आधी घसा दाखव, मग बाकीचं बघू, मी येतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर माझ्या स्वरतंतू दाखवल्या. गाठ नाही, सूज नाही, पांढऱ्याशुभ्र, पण आ म्हणायला लावलं की आजूबाजूचे स्नायू आवळून त्यांना दाबतायत. ताणामुळे असं होतं म्हणाले. मला आधी हायसं वाटलं आणि रिक्षात बसल्यावर भीती, की घशात काही नाही म्हणजे मग डोक्यात आहे, म्हणजे मला वेड लागलंय का? तुम्ही म्हणालात, "मला लागलंवतं का?" आणि रिक्षावाल्याला सांगितलंत, सरळ घे. तुमच्याच डॉक्टरांकडे. आत माझी मी गेले, बाहेर तुम्ही बाकावर बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत पाऊण तास बसलात. परत येताना एकदाही विचारलं नाहीत काय बोलणं झालं.

औषध सात महिने चाललं, सोबत आवाजाचे व्यायाम, आणि आठवड्याला एक दिवस क्लास बंद. पूर्ण बंद, व्हॉट्सॲपवर "बाई हा आलाप बरोबर आहे का" सुद्धा बंद. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. घेऊ देत.

आता त्या पोरीबद्दल, पार्लर म्हटलेली तीच. 2024 च्या एप्रिल-मेच्या सेशनला तिची विशारदची प्रॅक्टिकल. आदल्या रात्री जेवली नव्हती, सकाळी उलटी झाली, आईने मला सांगितलं आणि पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, परीक्षा कुणाला चुकली नाही. साथीला तुम्ही. परीक्षकांनी पुरिया धनाश्री राग मागितला. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल अगदी संथ लयीत, आणि त्याच्या दुसऱ्या आवर्तनात, म्हणजे दुसऱ्या फेरीत, ती गप्पच झाली. तोंड उघडं, आवाज नाही. मी दाराच्या फटीतून बघत होते. विलंबितातलं एक आवर्तन म्हणजे पाऊण मिनिट तरी, बाहेरून बघणाऱ्याला एक वर्ष. तुम्ही लय ढळू दिली नाहीत, तिच्याकडे बघितलं नाहीत, ठेका तसाच. फक्त दहाव्या मात्रेचा तिरकिट हा बोल थोडा जास्त स्वच्छ, थोडा दाबून वाजवलात, आणि तिला कळलं आपण कुठे आहोत, अकराव्यापासून मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवात, उचलला आणि समेवर, पहिल्या मात्रेवर, आली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पास झाली, मार्क बेताचे. बाहेर येऊन ती मला नाही, तुम्हाला बिलगली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

त्याच दिवशी तुम्ही त्या दुसऱ्या मुलाला कोपऱ्यात घेऊन झापलंत तेही लिहिते, इतरांच्या कामाला येईल. त्याच्या मित्राने त्याला स्टेजवर हात थरथरू नयेत म्हणून प्रोप्रानोलॉल दिली होती. ती हृदयाचे ठोके आणि ब्लड प्रेशर कमी करणारी गोळी. डॉक्टर देतात कधीकधी यासाठी, पण बघून, विचारून देतात, आणि दमा असणाऱ्याने ती घेणं धोक्याचं. आणि याच्या दप्तरात इनहेलर! तुम्ही ओरडलात ते बरोबरच, मी पण ओरडले असते, फक्त नंतर त्याला चहा पाजायला मला सुचलं नसतं.

क्लासमध्ये परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी आता 14416 लिहून लावलंय, टेलिमानसचा नंबर. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या डायरीच्या कव्हरवर लिहिलेला बघून मी उतरवून घेतला. एक आजोबा नातीला सोडायला आले तर विचारत होते हा प्रवेशाचा नंबर का, मी म्हटलं नाही, मन जड झालं की फोन करायचा. ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग चष्मा काढून मोबाईलमध्ये सेव्ह केला. ते क्लासचे विद्यार्थी पण नाहीत.

मी अजून काळी चारमध्येच गाते काका. मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, स्वर आता कुठे नीट ऐकू यायला लागलेत, खर्जात एवढी जागा आहे हे पाचात कधी कळलंच नव्हतं. अधूनमधून एखादा जुना श्रोता विचारतो, पट्टी उतरवली का हो? मी हो म्हणते आणि पुढचं बोलते.

तर, गुरुवारी साडेपाचला क्लासवर या, मध्यमा पूर्ण परीक्षेच्या तिघींना ठेक्यावर बसवायचंय. मानधनाचं पाकीट यावेळी नाही म्हणू नका, मागच्या वेळचं पण तसंच पडलंय माझ्या कपाटात. आणि पाचवाला तबला यावेळी खरोखर घरी ठेवा, उगाच डिकीत तापतो.

तुमची,
गाण्याची बाई